ठिपक्याच्या मागे

१२ जानेवारी

मामा,

नमस्कार आणि भांडण, दोन्ही एकदमच पाठवतेय.

भांडण यासाठी की परवा फोनवर मी वीस मिनिटं घसा फोडून माझ्या नव्या कामाबद्दल सांगितलं, आणि शेवटी तू विचारलंस, "म्हणजे दिव्यांचं शेत घेतलंस का कुठे?" लाइट फील्ड, मामा! कॅमेऱ्याचा प्रकार आहे तो. आई म्हणाली, त्याचा उजवा कान गेलाय, डावा जायच्या बेतात आहे आणि यंत्र लावायला तो काही केल्या तयार नाही, तेव्हा तू आपली पत्र लिही. तर हे पत्र.

तू अख्खी हयात फोटो काढलेस, म्हणून तुलाच आधी सांगायचं होतं. साधा कॅमेरा काय करतो? सेन्सरवरच्या एकेका बिंदूवर किती उजेड पडला तेवढं नोंदवतो. पण एका बिंदूवर येणारे किरण भिंगाच्या वेगवेगळ्या भागातून आलेले असतात, कोणी डावीकडून, कोणी वरच्या कडेनं. कॅमेरा त्यांची सरमिसळ करून टाकतो. शाळेच्या हजेरीसारखं समज. साधा कॅमेरा म्हणतो, वर्गात चाळीस मुलं आली. आमचा कॅमेरा हेही लिहून ठेवतो की कोण कुठल्या दारानं आलं. दार कळलं की उलट चालत जाऊन मूल निघालं कुठून, तेही काढता येतं.

त्यासाठी सेन्सरच्या पुढे, अगदी चिकटून, काचेची एक पातळ चकती बसवलीय. तिच्यावर लाखभर इवलीइवली भिंगं आहेत. प्रत्येकाच्या खाली किरणांची दिशा वेगवेगळी नोंदली जाते. मग कॉम्प्युटर ते किरण हवे तसे पुन्हा जुळवतो. म्हणजे फोटो आधी काढायचा आणि फोकस कशावर करायचा ते नंतर ठरवायचं! कल्पना शंभर वर्षांपूर्वीची आहे, पण एवढा हिशेब करणारी यंत्रं आत्ता आत्ता आली.

आता बोल.

तुझी भिंगरी


२० जानेवारी

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद. पत्र तीनदा वाचलं. हजेरीचं उदाहरण फक्कड आहे. बाकी तुझा कॅमेरा मला पटला नाही.

आधी फोटो, मग फोकस? आधी कापड शिवायचं आणि नंतर गिऱ्हाइकाचं माप घ्यायचं, असला प्रकार झाला हा. अगं, फोकस म्हणजे शब्द देणं असतं. समोर आजी-आजोबा, मुलं, नातवंडं अशी बारा माणसं उभी असतात आणि त्यांतल्या कुणाचे डोळे लख्ख दिसायला हवेत, ते त्या क्षणाला फोटोग्राफरनं ठरवायचं असतं. ते नंतरवर टाकलं तर फोटोग्राफर आणि भिंतीवरचा खिळा यांत फरक काय राहिला?

आणि मला सांग, एका बिंदूमागे इतक्या दिशांच्या नोंदी ठेवायच्या तर तेवढी जागा सेन्सरवर आणणार कुठून? फोटो भरड येत असणार. खरं की नाही?

शिवाय याचा उपयोग काय? पार्टीत पुढचा मित्र स्पष्ट की मागचा, हा खेळ दोन दिवस गंमत म्हणून ठीक.

माझं म्हणशील तर स्टुडिओत नेहमीची धांदल आहे. आज दोन पासपोर्ट आणि एक बाळ झालं. बाळानं माझ्या टायवर कार्यक्रम उरकला.

तुझा मामा


२ फेब्रुवारी

मामा,

नेमकी दुखरी नस दाबलीस. फोटो भरडच येतात. सेन्सरवरचे शंभर बिंदू खर्च करावे तेव्हा चित्राचा एक बिंदू हाती लागतो. दिशेची किंमत आम्ही चित्राच्या बारकाव्यात मोजतो. आमचे साहेब मीटिंगमध्ये हे वाक्य इतक्या वेळा ऐकवतात की मला ते झोपेतही म्हणता येईल.

उपयोग विचारलास. सूक्ष्मदर्शकाला ही चकती लावून लोक जिवंत माशाच्या पिल्लाचा अख्खा मेंदू एका झटक्यात टिपतात, थरामागून थर न काढता. कारखान्यात पट्ट्यावरून पळणाऱ्या सुट्या भागाचा खोलगटपणा मोजता येतो. सिनेमावाले शॉट झाल्यावर फोकस हलवतील. पण मी ज्याच्या मागे लागलेय ते वेगळंच आहे: लहान मुलांचे डोळे.

आमच्या शेजारीच डोळ्यांचं हॉस्पिटल आहे. तिथल्या मुख्य सर्जनना सगळे 'मोठ्या बाई' म्हणतात. बाईंचं म्हणणं असं: मोठा माणूस यंत्रावर हनुवटी टेकवून गप्प बसतो, मी त्याच्या डोळ्यात थर थर पाहते. दोन वर्षांचं मूल एक क्षणसुद्धा बसत नाही. मग नुसतं बघण्यासाठी भूल द्यावी लागते. तुमचा कॅमेरा जर एका फ्लॅशमध्ये सगळे थर पकडत असेल आणि मला नंतर निवांत ते एकेक पाहता येत असतील, तर आणा.

नेला. सोबत एक प्रिंट पाठवतेय. कंपाउंडरच्या डोळ्याचा फोटो आहे. बाई बघून म्हणाल्या, "यात मला फक्त तुमचा दिवा दिसतोय."

तू म्हणशील, सांगितलं होतं. तरी बाकी सगळं छान चाललंय.

भिंगरी


११ फेब्रुवारी

भिंगरी,

थोडक्यात लिहितो, पोस्ट निघायची वेळ झालीय.

तुझ्या बाई बरोबर बोलल्या. बुबुळाच्या मधोमध जो पांढरा गोळा आहे ती दिव्याची चमक. जन्मभर मी गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत ती चमक मुद्दाम पाडली, तिच्यावाचून चेहरा मेल्यासारखा दिसतो. पण तुला जिथून आत डोकावायचंय तिथेच ती येऊन बसलीय, दारात म्हैस बसावी तशी.

दिवा भिंगाभोवती लावला असशील, गोल कड्यासारखा. काढ तो. एका बाजूला ने, कानशिलाच्या रेषेत. पुढे पांढरं कापड धर, दोन घड्या करून. चमक बुबुळाच्या कडेला सरकेल आणि आतली खोली उजळेल. दिवा डोळ्यापासून हातभर लांब ठेवायला जाऊ नकोस, जवळ आण आणि मंद कर.

भरडपणाचं काय करायचं ते मला ठाऊक नाही. पण उजेड नीट असला की भरड फोटोही पुष्कळ बोलतो.

मामा


२४ फेब्रुवारी

मामा, मामा, मामा!

दिवा सरकवला. कापडाच्या दोन घड्या केल्या, एक घडी काढून पाहिली, पुन्हा घातली. तुझ्या दोनच बरोबर. चमक कडेला गेली आणि कंपाउंडरच्या डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, बाहुली, मागचं भिंग, सगळं एकामागून एक फोकसमध्ये आलं. बाई खुर्ची ओढून बसल्या. अर्धा तास उठल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "हे कोणी सुचवलं?" मी म्हटलं, "माझ्या मामानं." "ते कुठले ऑप्टिक्सचे?" "पासपोर्ट फोटोचे."

आता खरं सांगते. 'सगळं छान चाललंय' हे खोटं होतं. भरडपणामुळे कंपनीचा या कॅमेऱ्यावरचा विश्वास उडालाय. मार्चअखेर हे काम बंद होणार आणि आम्हा तिघांना दुसऱ्या विभागात पाठवणार. त्याआधी एकदा तरी खऱ्या मुलावर, खऱ्या प्रश्नावर हे चाललं पाहिजे.

तसं मूल आहे. तिची आई तिला ठकी म्हणते. सव्वादोन वर्षांची. आई कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते. ठकीच्या उजव्या बाहुलीत पांढरा ठिपका आहे. तो डोळ्यातल्या भिंगात खोलवर गेला असेल तर भिंग काढावं लागेल, आणि लवकर. वरवरचा असेल तर शस्त्रक्रियेची गरजच नाही. पण ठकी कुणाला जवळ येऊ देत नाही, पांढरा कोट दिसला की डोळे गच्च मिटते. आणि तिच्या हृदयात जन्मापासून दोष आहे, म्हणून भूल द्यायला डॉक्टर दहादा विचार करतायत. ठिपका वर आहे की आत, एवढाच प्रश्न. खोलीचा प्रश्न, मामा. माझा कॅमेरा त्याचसाठी आहे.

आम्ही दोनदा प्रयत्न केला. तिनं डोळे उघडले नाहीत.

तू येशील? रडकं पोर तू दोन मिनिटांत कॅमेऱ्याकडे बघायला लावायचास, हे मी लहानपणी पडद्याआडून कितीदा पाहिलंय.

आणि एक. हल्ली तुझ्या ओळी उतरणीला लागल्यात, अक्षर टपोरं झालंय, आणि पत्रं तुटक येतात. माझ्या कॅमेऱ्यानं तुझ्या धंद्याचा अपमान केला असं वाटतंय का तुला? रागावला असशील तर सरळ सांग.

भिंगरी


३ मार्च

प्रिय भिंगरी,

राग कसला, वेडे.

तू खरं सांगितलंस, आता मीही सांगतो. स्टुडिओ बंद करून सात महिने झाले. दोन पासपोर्ट, एक बाळ, सगळ्या थापा. तुझ्या आईलाही अजून माहीत नाही.

झालं असं की एक वयस्कर जोडपं आलं होतं. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून फोटो काढायचा होता. बाई नवीन साडी नेसून, खुर्चीत ताठ बसल्या होत्या. मी फोकस केला, फोटो काढला, दुसऱ्या दिवशी हातात दिला. त्यांच्या मागच्या पडद्याची वीण लख्ख होती आणि दोघांचे चेहरे दुधात बुडवल्यासारखे. आजोबांनी तो लांब धरून, जवळ धरून पाहिला. "छान आहे हो," म्हणाले आणि पाकिटात घालून घेऊन गेले. ते 'छान आहे हो' माझ्या जिवाला लागलं. त्याच संध्याकाळी पाटी उतरवली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तुझी ती प्रिंट मी खिडकीशी धरून, भिंग लावून, पाऊण तास पाहिली तेव्हा कुठे दिव्याची चमक कळली.

अशा माणसाला तू खऱ्या मुलाच्या खऱ्या डोळ्यापुढे उभं करतेस? नाही. मी एकदा चुकलो तर एक फोटो वाया गेला. इथे चुकलो तर काय जाईल, त्याचा विचार कर. येणार नाही.

मामा


८ मार्च

मामा,

फोकस करायला मी तुला बोलावलेलंच नाही. या कॅमेऱ्याला फोकस करणारा माणूस लागत नाही, ते काम मी नंतर करेन. मला पोराशी बोलणारा माणूस हवाय. तो तुझ्यासारखा दुसरा मला माहीत नाही.

एकवीस तारखेला सकाळी दहा. तिकीट सोबत आहे. आईला मी काही बोलले नाही, पण तू आला नाहीस तर बोलेन.

भिंगरी


२४ मार्च

प्रिय भिंगरी,

तुला न भेटता निघून आलो, माफ कर. पहारेकऱ्याजवळ चिठ्ठी ठेवली होती, मिळाली असेल. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

तू काचेपलीकडे यंत्रापाशी होतीस, त्यामुळे खोलीत काय झालं ते तुला नीट दिसलं नसेल. सांगतो.

बाईंना मी म्हटलं, "डॉक्टरीणबाई, कोट काढा आणि कोपऱ्यात भाजी निवडायला बसल्यासारख्या बसा." त्या खरंच बसल्या! एवढी मोठी बाई. ठकी आईच्या मांडीवर, डोळे गच्च, मुठी गच्च. मी तिच्याकडे पाहिलंच नाही. माझ्या शर्टाच्या बटणाशी बोलत बसलो. "का रे, आज जेवला नाहीस? दोरा ढिला पडलाय तुझा. पडशील एक दिवस, मग मी काय करू?" पोरांना आपल्याशी बोललेलं आवडत नाही, दुसऱ्याशी बोललेलं चोरून ऐकायला आवडतं. तिची आई शिवणारी, बटणं पोरीच्या ओळखीची. थोड्या वेळानं एक डोळा किलकिला झाला. लगेच मिटला.

मी बोलत राहिलो, खालच्या पट्टीत, न थांबता. आणि मग एकदम गप्प झालो. आवाज करून मूल बघत नाही, भिंगरी. चालू असलेला आवाज बंद पडला की बघतं. तेव्हा तू फ्लॅश मारायचीस. तसं चौदा वेळा केलं. पण दर वेळी फ्लॅश पडला आणि ती वळली, किंवा वाकली, किंवा तिनं डोळे मिटले. एकदा तर बटण धरायला पुढेच झेपावली. मला स्पष्ट दिसत नव्हतं, पण इतक्या वर्षांत हाताला आणि मनाला कळतं, फोटो आला की नाही. एकही आला नाही.

शेवटी ती थकून झोपली. तिच्या आईनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, "दादा, तुम्ही फार कष्ट घेतलेत." त्यानंतर मला तिथे थांबवेना.

तुझ्या कामाचा शेवट माझ्या हातून असा व्हायला नको होता.

मामा


२९ मार्च

अरे मामा,

थांबला असतास दोन तास! फक्त दोन तास! कॉम्प्युटरला हिशेब करायला तेवढेच लागतात. तू फोटो हातात येताक्षणी ओळखणारा माणूस, तुला वाटलं संपलं. माझ्याकडे तर तेव्हा सुरुवात व्हायची होती.

चौदा फ्लॅश. अकरांत डोळे मिटलेले. दोनांत चेहरा पार वळलेला. उरला नववा. तू म्हणतोस ना, बटण धरायला झेपावली, तोच. डोळे टक्क उघडे, नजर सरळ, पण पुढे झुकल्यामुळे कानशिलावरची लव लख्ख आणि डोळा नुसता धुकट. तुझ्या कॅमेऱ्यात असता तर तू टराटरा फाडला असतास. साध्या कॅमेऱ्यात मीही फाडला असता.

बाई माझ्या मागे उभ्या होत्या. साहेबही आले होते, हाताची घडी घालून. मी फोकस पुढे आणायला लागले. आमच्या कॅमेऱ्याची पोच जेमतेम तेवढीच, आणखी अर्धं बोट ती पुढे आली असती तर सगळं हातचं गेलं असतं. लव धूसर झाली. पापण्या आल्या. तिथून हळूहळू मागे सरकले. डोळ्याचा पारदर्शक पडदा, त्याच्यावर एक बारीक धूलिकण. पडदा स्वच्छ. मग तपकिरी बुबुळाच्या रेषा उमटल्या, आणि त्याच क्षणी, त्याच पातळीवर, ठिपका. मोहरीच्या कणाएवढा, कडा अगदी धारदार.

बाई म्हणाल्या, "मागे जा." गेले. ठिपका विरला. पण तो आड येत होता, थेट त्याच्या पाठीमागचं दिसेना. मग मला सुचलं. दिशांची नोंद आहे ना आपल्याकडे! मी फक्त कॅमेऱ्याच्या भिंगाच्या डाव्या कडेनं आलेले किरण घेतले, मग फक्त उजव्या. म्हणजे आपण मान जराशी इकडेतिकडे केल्यासारखं. ठिपका सरकला आणि आम्ही त्याच्या मागे डोकावलो.

मागे काही नव्हतं, मामा. स्वच्छ होतं. विहिरीच्या निवळ पाण्यासारखं, तळापर्यंत.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाल्या, "भिंगाच्या पुढच्या सालीवर आहे फक्त. भूल नको. शस्त्रक्रिया नको." नंतर ठकी झोपेतून उठून आईच्या खांद्यावर बसली तेव्हा बाईंनी, नेमकं कुठे बघायचं ते आता कळल्यामुळे, लांबूनच टॉर्चनं दोन-तीनदा पडताळून पाहिलं. बरोबर निघालं. त्या डोळ्याला आळस भरलाय, बघायचं काम तो चांगल्या डोळ्यावर ढकलतो, त्यासाठी चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. बस, एवढंच.

ठकीच्या आईला सांगायला बाई स्वतः गेल्या. ती बाकावरून उठली आणि पुन्हा खाली बसली. मग तिनं विचारलं, "ते दादा कुठेत?" मी तुला शोधत गेटपर्यंत धावले. पहारेकऱ्यानं चिठ्ठी हातात दिली. मामा, इतका राग मला जन्मात कुणाचा आला नव्हता.

साहेब सगळ्यात शेवटी खोलीतून निघाले. दारात थांबून म्हणाले, "बाई, बंद करण्याचं पत्र मी परत मागवतो." आणि जाता जाता, "ते बटणाशी बोलणारे गृहस्थ कोण होते?"

भिंगरी


५ एप्रिल

भिंगरी,

तुझं पत्र पोस्टमनकडून वाचून घेतलं. आता एवढं बारीक मला वाचवत नाही. 'मागे काही नव्हतं' इथे तो थांबला आणि म्हणाला, "काका, बसा तुम्ही." मी उभाच होतो आणि रडत होतो, हे मला त्यानं सांगितल्यावर कळलं.

मी त्या फोटोला 'आला नाही' म्हणून मोकळा झालो होतो. जन्मात कितीदा असं झालं असेल, कोण जाणे. तुझ्या कॅमेऱ्यापुढे मी हात टेकले. हे मी लिहून देतोय, जपून ठेव.

मोठ्या बाईंना विचार, मोतीबिंदूसाठी कधी येऊ. कानही तपासून यंत्र लावून घेतो, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. तुझ्या आईला मी स्वतः सांगितलं. तिनं अर्धा तास झापलं, आणि मग विचारलं, "पोरगी मोठी झाली का रे माझी?" मी म्हटलं, "फार."

मामा


१६ जून

मामा,

दोन्ही डोळे झाले, आता काळा चष्मा काढून हे तूच वाचत असशील. म्हणून बारीक अक्षरात लिहितेय, मुद्दाम.

कंपनीनं वर्षभराची मुदत दिली. चकतीवरची भिंगं आणखी लहान करून बसवतोय, सेन्सर मोठा घेतोय, भरडपणा निम्म्यावर येईल. बाईंनी शेजारची खोली आपल्या कॅमेऱ्यासाठी रिकामी करून दिलीय, आणि तिथे पोरांशी बोलायचं काम तुझं. दारावर पाटी अजून नाही, कारण बाई म्हणतात तुझ्या हुद्द्याला काय म्हणायचं ते त्यांना ठरवता येत नाही. सध्या यादीत 'मामा' एवढंच टाईप केलंय. यादीत बत्तीस मुलं आहेत.

आज ठकी तपासणीला आली होती. नाकावर लाल चष्मा, डाव्या, चांगल्या डोळ्यावर पट्टी. म्हणजे जग सगळं उजव्याच डोळ्यानं. तिची आई दारातच थांबली आणि ठकी एकटी, त्या लांबलचक कॉरिडॉरमधून, भिंतीला हात न लावता चालत आली. बाई पलीकडच्या टोकाला गुडघ्यावर बसल्या होत्या, पांढऱ्या कोटासकट. त्यांनी हातभर अंतरावर पेन धरलं, बारीक निळं. ठकी थांबली, तिनं मान जराशी तिरपी केली, पेनाकडे नीट पाहिलं आणि एका झटक्यात, न चाचपडता, न चुकता, पकडलं.

बाकांवरची सगळी माणसं टाळ्या वाजवत उभी राहिली. तिनं सगळ्यांकडे एकेक करून बघितलं, आणि पेन काही केल्या परत दिलं नाही.

भिंगरी